चौथी किल्ली

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
रात्री साडेनऊला ठरलं, की घ्यायचा.
काय घ्यायचा, ते अजून ठरायचं होतं.
म्हैस शेजारीच उभी, रवंथ करत,
जणू तिलाही विचारणार होतो.

नेमगोंडा म्हणाला, एफडीचं व्याज
जिभेला कळतंय, पोटाला न्हाई.
दस्तगीरच्या बोटांचे लेथच्या तेलाचे ठसे
ग्लासावर, दुधाच्या वर काळे.
सातापा कंडक्टर, सुट्ट्या पैशांत वाढलेला.
आणि मी, झेरॉक्सच्या दुकानात
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या दस्तांच्या प्रती काढणारी.
किती गाळे, किती प्लॉट, किती चतुःसीमा
माझ्या हाताखालून गरम गरम निघून गेल्या.

दुधाळीकडचा एक स्वस्त होता.
शटर वर केलं तर आत भिंतीवर
माझ्या छातीएवढ्या उंचीला सरळ एक रेघ.
रंग दिला की जाते, एजंट म्हणाला.
सातापा वाकून रेघेला नाक लावून आला,
म्हणाला, पंचगंगेचा वास अजून हाय हिला.
चौघंही चपला शोधत बाहेर.

मग उचगावचा. दहा बाय बारा.
हायवेच्या मागं, समोर बाभूळ आणि टायरवाला.
चौदा लाख. वर स्टॅम्प, नोंदणी, चहा,
ज्याची पावती नसते तेही.
दोनशे पानी वहीत मी लिहीत गेले:
नेमगोंडा पाच, दस्तगीर चार, सातापा चार.
माझे दोन. भिशीचे दीड,
आणि गुजरीत वेढणं मोडून अर्धा.
सोनार म्हणाला, घट धरावी लागेल.
धरा म्हटलं.

पंधरातले दोन.
नेमगोंडा म्हणाला, समान लिहू, चार नावं, चार वाटे.
मी नको म्हटलं.
तो चिडला. मैत्रीत काय तराजू लावतीस?
मीही चिडले. तुझ्या तीन लाखांचं ओझं
मी आयुष्यभर डोक्यावर घेऊन हिंडू?
त्या रात्री कुणी दूध प्यालं नाही.
चार ग्लासांतला फेस बसत बसत
कुणाचं खरं किती, ते दाखवून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला.
पंधरातले दोन तर दोन. पण वही तुझ्याकडं.

निबंधक कार्यालयात ऑपरेटरनं विचारलं,
विजयमाला कोण? अंगठा. कॅमेऱ्यात बघा.
तुमचं एकमेकांशी नातं काय?
आम्ही चौघं एकमेकांकडं पाहिलं.
सातापा म्हणाला, सातवीत एका बाकावर होतो.
ऑपरेटरनं मान वर न करता
‘इतर’ वर क्लिक केलं.

कुलूप नवं घेतलं, लक्ष्मीपुरीतून.
त्याबरोबर किल्ल्या तीन.
कंपनीला काय ठाऊक, आम्ही किती.
मला नको म्हटलं, मी तशीही येत नाही इकडं.
चार दिवसांनी दस्तगीरनं कागदाच्या पुडीत
पितळेची एक दिली. तुकडा कारखान्यातलाच,
कानशीनं घासून, जेवणाच्या सुट्टीत.
दात जरा जाड राहिलेत, म्हणाला, बघ लागती का.

भाडेकरू मिळाला. शिलाई मशीन दुरुस्त करणारा.
साडेसात हजार. माझ्या वाट्याला हजार,
त्यातून बल्बचे, शटरच्या ग्रीसचे वजा.
पहिल्या महिन्याचे नऊशे बारा
मी दुकानातल्या ट्रेवर ठेवले,
आणि सवयीनं झाकण लावायला गेले.

त्यानं तिन्ही किल्ल्या मागून घेतल्या. रास्तच.
अजून एखादी हाय का, ताई?
न्हाई, म्हटलं.

खोटं नव्हतं फार.
करारावर सह्या व्हायच्या आधी, एका दुपारी,
एकटीच बसनं जाऊन मी लावून बघितली होती.
आत जाते. फिरत नाही.
तरी दहा मिनिटं उभी होते
शटरला हात टेकून.
टायरवाला म्हणाला, कुणाचा गाळा हो हा?
आमचा, म्हटलं.
आणि मग, विचारलं नसतानाही,
थोडा माझा.